स्कॉटलंडमधलं चिल्ड्रन्स पॅनल, जॉइन करावं का?

इकडे आपल्या लोकांचं व्हॉलंटियरिंग म्हणजे मंदिर, गणपती आणि फूड बँक, म्हणून मुद्दाम लिहितेय. चिल्ड्रन्स हिअरिंगमध्ये, म्हणजे अडचणीत असलेल्या मुलांसाठीच्या सुनावणीत, मुलाने कुठे राहायचं, आईवडिलांना किती भेटायचं, घरावर देखरेख हवी का हे ठरतं आणि ठरवणारे चिल्ड्रन्स पॅनलमधले तिघं तुमच्या-माझ्यासारखे, पगार शून्य, प्रवासखर्च मिळतो. ही पद्धत ज्यातून आली तो किलब्रँडन अहवाल १९६४ चा, हिअरिंग्ज १९७१ पासून, म्हणजे सिस्टम मुरलेली आहे. डिग्री लागत नाही, वय १८ पूर्ण हवं, बॅकग्राउंड चेक होतो, ट्रेनिंग फुकट आणि ऑफिसातल्या ट्रेनिंगसारखं टाइमपास अजिबात नाही.

सगळ्यात अवघड काय तर निर्णय तिथेच, मूल आणि आईवडील समोर बसलेले असताना, कारणांसकट सांगायचा, तिघांनी आपापला, मग बहुमत. नंतर मेल करतो वगैरे पळवाट नाही. पटलं नाही तर ते २१ दिवसांत शेरीफ कोर्टात (इथलं स्थानिक न्यायालय) अपील करू शकतात, हे बरंय.

मायनस पॉइंट म्हणजे वाचायला कागद भरपूर, त्यात संध्याकाळ जाते आणि वाचलेलं नवऱ्यालाही सांगायचं नाही! हिअरिंग बहुतेक ऑफिसच्या वेळात, त्यामुळे बॉसशी आधीच बोलून ठेवा. इंग्लिशचं टेन्शन नको, साधं बोला, जड शब्द आले की पोरं गप्प होतात. पण 'बिच्चारं पोरगं' करायला जाणार असाल तर प्लीज नका जाऊ. नेमणूक तीन वर्षांची असते, मी पुढचीही घेणारे.