वाईचे छायाचित्र वाईचेच दिसावे म्हणून: दोन दिवसांच्या एका शिबिराविषयी

वाई पडद्यावर पुष्कळदा दिसली आहे, पण वाई म्हणून क्वचितच. २००३ सालच्या ‘गंगाजल’मध्ये ती बिहारमधले तेजपूर झाली आणि २००४ सालच्या ‘स्वदेस’मध्ये शेजारचे मेणवली उत्तर प्रदेशातील चरणपूर झाले. सहलीला जाणारे आपणही नकळत असेच वागतो. कृष्णेचा घाट, पायऱ्या, देवळाचे शिखर आणि उगवता सूर्य एका चौकटीत बसवून आपण परततो, आणि ते चित्र वाईचे आहे की नाशिकचे की महेश्वरचे, हे खाली लिहिल्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. माझ्याकडे वाईची अशी दोनशेहून अधिक छायाचित्रे होती. म्हणूनच ‘गावाचा स्वभाव टिपण्या’वर भर देणाऱ्या दोन दिवसांच्या छायाचित्रण शिबिराची माहिती हाती आली, तेव्हा मी फारसा विचार न करता नाव नोंदवले. शिबिर एका लहान गटाने भरवले होते. त्यातील उणिवा मी त्यांना स्वतंत्रपणे कळवल्या आहेत, त्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. शिबिरातून काय मिळाले आणि ते कोठे घसरले, हे मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आम्ही बारा जण होतो. पहिल्या सकाळी साडेसहाला गणपती आळीच्या घाटावर पोहोचल्यावर मार्गदर्शकांनी सर्वांचे कॅमेरे आणि मोबाइल पिशवीत ठेवायला लावले आणि दोन तास नुसते फिरायला सांगितले. अट एकच होती: परत येताना प्रत्येकाने अशा पाच गोष्टी सांगायच्या, ज्या दुसऱ्या कोणत्याही नदीकाठी आपल्याला दिसल्या नसत्या. प्रारंभी मला हा वेळेचा अपव्यय वाटला, कारण कोवळे ऊन डोळ्यांदेखत सरत होते. परंतु त्याच दोन तासांत मी ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू प्रथमच नीट पाहिली. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे. इतक्या वर्षांत मी समोरून शिखराची छायाचित्रे काढत आले होते आणि ज्या भिंतीत या गावाचे नदीशी असलेले नाते दगडात बांधलेले आहे, तिच्याकडे माझी पाठ होती. वाईत सात घाट आहेत, प्रत्येक घाटाला आपापल्या आळीचे नाव आहे आणि कृष्णाबाईचा उत्सव या घाटांवर पाळीपाळीने होतो, हेही मार्गदर्शकांनी तेथेच समजावून सांगितले. ते कळल्यावर ‘वाईचा घाट’ असा एकच एक विषय माझ्या मनात उरला नाही. मधली आळी वेगळी आणि गंगापुरी वेगळी, असे डोळ्यांना दिसू लागले.

तांत्रिक भाग थोडा होता, पण जो होता तो या गावासाठीच निवडलेला होता, आणि शिबिराची खरी गुणवत्ता मला येथे जाणवली. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. त्यामुळे घाटाच्या काळ्या पाषाणाने चौकट भरली की तो प्रकाश वाढवतो आणि दगड धुरकट उमटतो. एक्स्पोजर, म्हणजे चित्रावर पडणारा प्रकाश, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) कमी करताच तोच दगड पुन्हा काळा झाला, पावसाने आणि पावलांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांच्या कडा दिसू लागल्या आणि माझ्या जुन्या छायाचित्रांत काय हरवले होते ते क्षणात लक्षात आले. आकाश गडद करण्यासाठी मी सवयीने लेन्सवर पोलरायझर हा फिल्टर लावून ठेवते. तो ओल्या दगडावरची चकाकी पुसून टाकतो, म्हणून मार्गदर्शकांनी तो काढायला लावला, कारण नुकत्याच धुतलेल्या पायऱ्यांवरची ती चमक म्हणजेच घाटावरची सकाळ असते. संध्याकाळी देवळातील समईच्या उजेडासाठी स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवण्याची सोय, बंद करून तो दिवसाच्या प्रकाशावर ठेवायचा, अन्यथा कॅमेरा त्या पिवळेपणाला दोष समजून तो काढून टाकतो, हेही त्यांनी प्रत्यक्ष दोन चित्रे शेजारी ठेवून दाखवले.

पहिला दिवसभर केवळ ३५ मिलिमीटरच्या लेन्सची परवानगी होती. टेलिफोटोने लांबून चेहरा मिळतो, पण ज्या पायरीवर माणूस बसला आहे ती पायरी, त्याच्यामागचा पार आणि पलीकडची नदी निघून जाते. पस्तीसने चित्र काढायचे तर चार-पाच पावलांवर जावे लागते, आणि तितके जवळ गेल्यावर बोलणे ओघानेच येते. घाटावर गोधड्या धुणाऱ्या एका मावशींशी मी अर्धा तास बोलत बसले. वाळत घातलेल्या गोधड्या, त्यांच्यामागे ती निमुळती भिंत आणि खाली पाणी, असे जे छायाचित्र मला त्यानंतर मिळाले, ते मी या शिबिराची खरी कमाई मानते. घाटावर एका बाजूला दशक्रिया विधी चालू होता. तिकडे कोणीही कॅमेरा वळवायचा नाही, ही सूचना आधीच मिळाली होती आणि सर्वांनी ती पाळली.

दुपारी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहिला. मोबाइलचे कॅमेरे अलीकडे सावल्या आपोआप उजळतात, त्यामुळे वाड्याच्या आतल्या खोल्याही अंगणासारख्या दिसतात. येथे अंधार तसाच राहू द्या आणि झरोक्यातून येणाऱ्या एका पट्ट्यावर प्रकाश मोजा, असे सांगण्यात आले. भित्तिचित्रांजवळ फ्लॅश वापरायचा नाही, हे ओघानेच आले. घाटावरच्या घंटेपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चच्या ज्या घंटा मराठ्यांच्या मुलखात आल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. जवळ जाऊन त्या आकृतीचे चित्र काढणे सोपे होते. घंटा, देऊळ आणि नदी एकत्र येतील अशी जागा शोधणे मात्र अवघड होते, आणि त्या खटपटीतच माझा तासभर गेला. तो तास मला अपुरा वाटला.

दुसऱ्या सकाळी जे घडले त्याचा मला मनापासून खेद झाला. मधल्या आळीच्या घाटावर पोहोचलो, तेव्हा आयोजकांनी धोतर, फेटा आणि घोंगडी दिलेले एक वृद्ध गृहस्थ पैसे देऊन बोलावून ठेवले होते. ‘सर्वांना एक तरी हमखास चांगले चित्र मिळावे’ हा त्यामागचा हेतू असल्याचे सांगण्यात आले. सूर्याची तिरीप त्यांच्या चेहऱ्यावर यावी म्हणून त्यांना तीनदा पायऱ्या उतरायला लावले आणि हातात तांब्या दिला. आदल्या दिवशी जे शिकवले, ते या अर्ध्या तासाने पुसले गेले. वाईला बिहार म्हणून दाखवणारा चित्रपट निदान आपण कथा सांगत असल्याचे लपवत नाही; प्रवासाचे छायाचित्र मात्र ‘मी हे पाहिले’ असे म्हणते, आणि म्हणून त्यातले सोंग ही माझ्या मते फसवणूकच ठरते. त्या गृहस्थांच्या वयाचा विचार करता ते चढणे-उतरणे मला अमानुषही वाटले. मी आणि आणखी तिघांनी कॅमेरे खाली ठेवले.

समारोपाच्या सत्राने बरेच काही सावरले. प्रत्येकाने पाच चित्रे निवडायची होती, आणि भिंतीवर लावलेल्या प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारला जात होता: खालची ओळ झाकली तर हे कोठले आहे, हे कळेल का? फेट्यातल्या गृहस्थांचे एकही चित्र या प्रश्नाला उतरले नाही, आणि मार्गदर्शकांनी ते मोकळेपणाने मान्य केले. माझ्या पाचांपैकी दोन टिकली.

निवास साधा आणि स्वच्छ होता, जेवण घरगुती होते. दोन दिवसांचे साडेसहा हजार रुपये शुल्क मला योग्य वाटले. कॅमेरा नवीनच घेतलेल्या व्यक्तीने येथे येण्याची घाई करू नये, कारण मूलभूत गोष्टी शिकवल्या जात नाहीत. ज्यांच्याकडे छायाचित्रांचा ढीग साठला आहे आणि ती सारी एकसारखी दिसू लागली आहेत, त्यांनी मात्र अवश्य जावे. पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना फोन करून दुसऱ्या दिवसाच्या सकाळचा कार्यक्रम विचारून घ्यावा, आणि त्यात कोणाला पोशाख घालून बसवणार असतील तर तो वेळ आपण मेणवलीच्या घंटेपाशी घालवू, असे आधीच सांगून ठेवावे.