परदेशी विक्रेत्याकडे पैसे अडकले: कोर्टात न जाता कोणता रस्ता धरायचा?

परदेशातल्या वेबसाइटवरून मागवलेली वस्तू आलीच नाही, किंवा आली ती भलतीच निघाली, तर कोर्टाचं नाव कुणी काढत नाही. वस्तूच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त, शिवाय कुठल्या देशाचा कायदा लागू होणार हाच मोठा वाद. कोर्टाबाहेर रस्ते बरेच आहेत, पण ते सारख्या ताकदीचे नाहीत. निवड करताना मी एकच गोष्ट बघतो: विक्रेत्याने नकार दिला तरी त्याच्या हातून पैसे काढून घेण्याची सोय, आपण ज्याच्याकडे तक्रार नेतोय त्याच्याकडे आहे का?

विक्रेत्याशी थेट बोलणं ही पहिली पायरी, आणि ती टाळू नये, कारण पुढे प्रत्येक जण विचारतो की आधी त्यांना कळवलंत का. लेखी कळवा, फोटो जोडा, आठवड्याची मुदत द्या आणि सगळा संवाद वेबसाइटच्या इनबॉक्समध्येच ठेवा. ‘पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, अजून पंधरा दिवस थांबा’ हे उत्तर दुसऱ्यांदा आलं की समजून जा. ते कधी खरंही असतं, पण पुढच्या सगळ्या रस्त्यांची घड्याळं तोवर चालूच असतात.

खरी निवड असते ती मार्केटप्लेसची (म्हणजे ईबेसारखी, अनेक विक्रेते एकत्र माल विकतात ती वेबसाइट) खरेदी-हमी आणि बँकेचा चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत मागे घेणं, यांच्यात.

मार्केटप्लेसची ताकद सरळ आहे. विक्रेत्याचं खातं त्यांच्या हातात असतं आणि पुष्कळदा त्याला द्यायचे पैसेही. म्हणून निकाल लवकर लागतो. पण मुदत आखूड असते. ईबेवर साधारणपणे वस्तू मिळाल्यापासून, किंवा मिळायच्या शेवटच्या अपेक्षित तारखेपासून, ३० दिवसांत तक्रार नोंदवावी लागते. आणि ‘आमच्या खात्यावर थेट पाठवा, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याला तुम्ही बाहेरून पैसे दिले असतील तर हमी संपली.

या रस्त्याची दुसरी दुखरी जागा म्हणजे ट्रॅकिंग. लबाड विक्रेता महागड्या वस्तूऐवजी एखादी किरकोळ वस्तू तुमच्याच शहरातल्या भलत्याच पत्त्यावर पाठवतो. ट्रॅकिंगवर शहर तुमचं आणि शेरा ‘डिलिव्हर्ड’. तक्रार तपासणाऱ्याला तेवढं पुरतं आणि निकाल तुमच्या विरुद्ध जातो. अशा वेळी ‘मला मिळालं नाही’ हे पुन्हापुन्हा लिहून काही होत नाही. पार्सल कोणत्या पत्त्यावर दिलं आणि त्याचं वजन किती होतं, हे कुरिअर किंवा पोस्टाकडून लेखी मागवा. कॅमेरा मागवला असताना पार्सल वीस ग्रॅमचं निघालं, तर पुढे फारसं बोलावं लागत नाही.

चार्जबॅकमध्ये तुमची बँक विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम मागे मागते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक खरेदी-वादांसाठी १२० दिवसांची मुदत असते. विक्रेता कुठल्या देशात बसलाय याने फरक पडत नाही, कारण पैसा कार्डाच्या जाळ्यातूनच गेलेला असतो. मात्र हा कायद्याने दिलेला हक्क नव्हे, कार्ड कंपन्यांचा आपसातला नियम आहे, आणि विक्रेत्याला पुरावे देऊन लढता येतं. (ब्रिटन इथे वेगळा. तिथे १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूला क्रेडिट कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते, परदेशी खरेदीतसुद्धा.)

अर्ज करताना कारण नेमकं निवडा. ‘मिळालं नाही’, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ आणि ‘नकली’ हे नियमांत वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. फुटलेली वस्तू हातात असताना रागाच्या भरात ‘मिळालं नाही’ लिहिलंत, तर विक्रेता डिलिव्हरीची पावती पुढे करतो आणि विषय तिथेच संपतो. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणायचं तर वस्तू परत करायची तयारी दाखवली होती, हे दिसावं लागतं.

पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेतून पैसे दिले असतील तर मुदत सर्वांत सैल: पैसे दिल्यापासून १८० दिवस. पण आत एक खाच आहे. वाद नोंदवल्यावर २० दिवसांत त्याचं रूपांतर दाव्यात (म्हणजे पेपालनेच निकाल द्यावा या मागणीत) केलं नाही, तर तो आपोआप बंद होतो. विक्रेते नेमके हेच दिवस गोड बोलून काढतात.

माझं मत विचाराल तर: वस्तू चुकीची किंवा खराब असेल तर आधी मार्केटप्लेस, कारण तिथे परतीची व्यवस्था तयार असते. वस्तू आलीच नाही आणि दुकान स्वतंत्र वेबसाइटचं असेल, तर वेळ न घालवता बँक. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज मात्र करू नका. बँकेत चार्जबॅक टाकला की पेपाल आपल्याकडचं प्रकरण बंद करतं.

उरल्या मध्यस्थ संस्था. ग्राहक आणि विक्रेता दोघेही युरोपीय संघ, नॉर्वे किंवा आइसलँडमधले असतील तर युरोपियन कंझ्युमर सेंटर्सचं जाळं फुकट मदत करतं. तुमच्या देशातलं केंद्र विक्रेत्याच्या देशातल्या केंद्राकडे प्रकरण पाठवतं आणि ते विक्रेत्याशी त्याच्या भाषेत बोलतं. सक्ती नाही, पण नाव जपणारं दुकान असेल तर बहुधा ऐकतं. पत्ताच खोटा असलेल्या दुकानापुढे हे जाळंही हतबल. जुन्या सल्ल्यांमध्ये युरोपीय आयोगाच्या ऑनलाइन तक्रार-मंचाची लिंक अजून सापडते. २०१६ मध्ये सुरू झालेला तो मंच २० जुलै २०२५ रोजी बंद झाला, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका.

ईकंझ्युमर डॉट गव्ह ही २००१ पासूनची आंतरराष्ट्रीय साइट वेगळ्या कामाची. तिथली तक्रार अनेक देशांच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणांना दिसते, त्यातून ठगांचा माग काढता येतो. तुमचे पैसे मिळवून देणं हे तिचं काम नाही. बँक ट्रान्सफरने किंवा क्रिप्टोत पैसे दिले असतील आणि विक्रेता गायब असेल, तर बँकेला त्याच दिवशी फसवणूक म्हणून कळवा, इथे नोंद करा, पण आशा माफकच ठेवा.

शेवटी विक्रेत्याकडून येणारे दोन प्रस्ताव. ‘वीस टक्के परत देतो, वस्तू ठेवा’ हा पहिला. परदेशात परत पाठवायचा खर्च वस्तूच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर घासाघीस करून चाळीस-पन्नास टक्क्यांवर मिटवणं शहाणपणाचं असू शकतं. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग लगेच पैसे टाकतो’ हा दुसरा. पेपालवर एकदा बंद केलेला वाद पुन्हा उघडता येत नाही. त्याला सांगा, पैसे खात्यात दिसले की तक्रार बंद करतो.