मुन्नारच्या चहाच्या मळ्यातली रात्र आणि आमचे ३६,८०० रुपये

मुन्नारच्या ट्रेकच्या नावाखाली आम्ही फसलो. आधी आकडे लिहिते, कारण गेले तीन आठवडे जो भेटतो तो "साधारण किती गेले?" असं विचारतो. साधारण नाही, नेमके सांगते. ॲडव्हान्स १३,०००. 'फॉरेस्ट परमिट' माणशी १,२०० म्हणजे ४,८००. निघायच्या आदल्या दिवशी उरलेले १३,०००. तंबू आणि स्लीपिंग बॅगचं 'परत मिळणारं' डिपॉझिट ६,०००. एकूण ३६,८००. माणसं चार: मी, नवरा, सोळा वर्षांची मुलगी आणि भाचा.

ठरलं होतं ते असं. सूर्यनेल्लीहून जीपने वर जायचं, कोलुक्कुमलैच्या बाजूला चहाच्या मळ्यांतून चालायचं, मळ्यातच तंबूत मुक्काम करायचा आणि पहाटे गाइडबरोबर मीसापुलीमला या शिखरावर चढायचं. उंची २,६४० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटर जास्त. दहावी झाल्यापासून मुलीचा हाच हट्ट होता.

आम्ही काही नवखे नाही. सह्याद्रीत कितीतरी नाइट ट्रेक असेच केलेत. व्हॉट्सॲपवर नाव द्यायचं, फोनवरून पैसे पाठवायचे आणि रात्री बसमध्ये जाऊन बसायचं. कधी कुणाचे कागद मागितले नाहीत आणि कधी फसलोही नाही. त्यात हा ट्रेक ठरवणारा माणूस मराठी, अगदी घरच्यासारखा बोलणारा. "ताई, तिकडे आपल्या लोकांची भाषेवाचून अडचण होते, म्हणूनच मी हे सुरू केलं." एवढ्यावर मी विश्वास ठेवला. समोर हिंदी किंवा इंग्रजी बोलणारा कुणी असता तर दहा प्रश्न विचारले असते.

आणि खूण मिळाली नव्हती असंही नाही. परमिटचे ४,८०० भरताना, पिन टाकायच्या आधी, स्क्रीनवर नाव आलं. ते ना ट्रेकवाल्यांचं होतं, ना त्या माणसाचं. कुठल्या तरी मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं नाव होतं. मी थांबले. गॅसवर कुकर, एका हातात फोन, आणि ते नाव मी दोनदा वाचलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "आमच्या खात्याची आजची लिमिट संपली ताई, हे भावाचं आहे." मला पटलं नव्हतं. पण १३,००० आधीच गेले होते, आता मागे फिरलो तर ते बुडतील, या भीतीने पिन टाकला. ती भीतीच त्याला हवी होती, हे आता कळतं. पैसे घेणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, आधीचे बुडाले तरी चालतील.

परमिट म्हणून आलेली पीडीएफ मी मोठी करून बघितली होती. शिक्का होता, सही होती, चौघांची नावं बरोबर होती. खाली 'सुरुवात: सूर्यनेल्ली' असं लिहिलं होतं. मीसापुलीमलाची परवानगी केरळ वन विकास महामंडळ देतं, मुन्नारहून, आणि त्यांचा ट्रेक तिथल्याच सायलेंट व्हॅली मळ्याच्या बाजूने निघतो. नकाशा उघडून दोन मिनिटं बघितलं असतं तरी कळलं असतं. एक फोन महामंडळाला केला असता तर ४,८०० पाशीच सगळं थांबलं असतं.

सूर्यनेल्लीला 'गाइड' भेटला तो विशीतला एक मुलगा. त्याने मळ्याच्या कडेला दोन तंबू लावले, शेगडीवर भात आणि रस्सा केला, आणि "जीप घेऊन येतो" म्हणून गेला तो परत आलाच नाही. साडेदहाच्या सुमाराला टॉर्चचा उजेड आला. मळ्याचा वॉचमन होता. तो हात हलवून सारखं "आना, आना" म्हणत होता. आम्हाला वाटलं हिंदीत बोलावतोय. भाच्याच्या लक्षात आलं की मल्याळममध्ये आना म्हणजे हत्ती. शेजारच्या चिन्नकनालहून २०२३ मध्ये अरिकोंबन नावाच्या हत्तीला पकडून दुसरीकडे न्यावं लागलं होतं, असा हा भाग. आणि आम्ही परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मळ्यात, दोन मुलांना घेऊन, कापडी तंबूत. वॉचमनने स्वतः ओळखीची जीप बोलावली. खाली येण्याचे २,५०० वेगळे गेले, पण त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

त्या रात्री माझ्या डोक्यात कुरंगणी होतं. मार्च २०१८ मध्ये कोलुक्कुमलैच्या पलीकडच्या उतारावर वणव्यात वीसहून जास्त ट्रेकर गेले. हे मला माहीत होतं, आणि तरी मी कागद तपासला नाही.

आता पोलिसांचं. तिथल्या ठाण्यात सांगितलं, "पैसे तुम्ही तुमच्या गावाहून भरले, तिकडे तक्रार करा." घरी आलो तर इथले म्हणाले, "घटना केरळात घडली, तिकडे करा." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. हे मी छापून नेलं. साहेबांनी कागद न वाचताच परत सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, तंबू मिळाला ना? जेवण मिळालं ना? मग सेवा नीट मिळाली नाही एवढंच. ग्राहक मंचात जा." खोटा सरकारी शिक्का त्यांच्या समोर होता! चार खेपा झाल्या. दर वेळी बाकावर दोन तास, दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. बँकेत तर एका वाक्यात मिटवलं, "पिन तुम्हीच टाकलाय." हो, मीच टाकलाय. म्हणून चोर चोर राहत नाही का?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी पाचव्या दिवशी फोन केला. मुलीला ताप होता, परतीचा प्रवास होता, आणि खरं सांगायचं तर लाज वाटत होती. तुम्ही तसं करू नका. पैसे काढून घेतले जायच्या आत कळवलं तरच ते गोठवता येतात, तिथे तासांचा हिशेब असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केल्यावर मिळणारा नंबर जपून ठेवा. चॅट पुसू नका, मी रागाच्या भरात निम्मं पुसलं. आणि गाइड म्हणून आलेल्या मुलावर लगेच तोंड टाकू नका. तो दुसऱ्या दिवशी स्वतः लॉजवर आला होता. त्याला आणि जीपवाल्याला दिवसाचे ८०० कबूल केले होते, तेही मिळाले नव्हते.

त्या संध्याकाळी, सगळं छान वाटत असताना, मी त्या माणसाला एक फोटो पाठवला होता. मळ्याच्या हिरव्या रांगा, मागे तंबू, आणि दोन पानं आणि कळी बोटांत धरून हसणारी माझी मुलगी. परवा भाच्याने दुसऱ्या नंबरवरून बघितलं. त्या माणसाच्या स्टेटसवर तोच फोटो आहे, खाली 'आमचे समाधानी ट्रेकर' आणि पुढच्या बॅचची तारीख. तो फोटो दिसला तर पैसे भरू नका.