हँड सर्जन रुजू झाल्या, त्याला अकरा महिने: ३५ खाटांच्या हॉस्पिटलचा अनुभव

आमचं हॉस्पिटल ३५ खाटांचं, इचलकरंजीच्या पट्ट्यात. मी ऑर्थोपेडिक सर्जन, पत्नी भूलतज्ज्ञ आणि सोबत एक तरुण ऑर्थोपेडिक सहकारी. गेल्या वर्षी आम्ही पूर्णवेळ हँड सर्जन घेतल्या. तेव्हा दोन-तीन मित्रांनी सांगितलं होतं, सहा महिन्यांनी खरं काय ते कळव. सहा महिन्यांत सांगण्यासारखं फारसं हाती नव्हतं. आता आहे, म्हणून सविस्तर लिहितो. स्पाइनसाठी किंवा आर्थ्रोस्कोपीसाठी (दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया) माणूस शोधणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

हँड सर्जनच का, हे आमच्या भागातल्या कुणालाही विचारावं लागत नाही. इचलकरंजीत यंत्रमाग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्री आणि पॉवर प्रेस, गावोगाव कडबाकुट्टी. सोयाबीनच्या मळणीत हात मशीनमध्ये जातात, पाठोपाठ उसाचा हंगाम आणि गुऱ्हाळं सुरू होतात. चरकात गेलेला हात ज्याने एकदा पाहिलाय, तो विसरत नाही. इतकी वर्षं मी काय करत होतो? जखम धुवायची, हाड धरून ठेवणारी बारीक तार, म्हणजे के-वायर टाकायची, त्वचा जोडायची आणि शिरा किंवा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, यांचं काम असेल तर पुण्याला चिठ्ठी द्यायची. पुणं सव्वादोनशे किलोमीटर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने महामार्गच बंद झाला, तेव्हा त्या चिठ्ठीला काही अर्थच उरला नाही.

आमचा पहिला प्रयत्न फसला होता. एका भरती एजन्सीला काम दिलं. त्यांनी बायोडेटा पाठवले ते बहुतेक सांधेबदलाच्या डॉक्टरांचे. शेवटी एक तरुण हँड सर्जन आले, हुशार आणि कामाला वाघ. आम्ही त्यांना सांगितलं होतं, ‘केसेस भरपूर आहेत.’ किती आणि कसल्या, ते आम्हालाच माहीत नव्हतं. मायक्रोस्कोप ‘घेऊ लवकरच’ म्हणालो होतो आणि तो घेतलाच नाही. ते चौथ्या महिन्यात गेले. जाताना एक शब्द वाकडा बोलले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. चूक सर्वस्वी आमची होती.

दुसऱ्या वेळी जाहिरात देण्याआधी मी आणि आमच्या कॅज्युअल्टीच्या सिस्टर चार रविवार रजिस्टर घेऊन बसलो. मागच्या पूर्ण वर्षातली हाताची प्रत्येक केस वेगळी काढली: फ्रॅक्चर किती, कंडरा तुटलेल्या किती, नस म्हणजे नर्व्ह तुटलेली किती, बोट तुटून आलेलं किती, आणि त्यातले आम्ही पुढे पाठवले किती. शेवटचा आकडा पाहून मी गप्प झालो. तीन पानांचा तो कागद मी एफएनबी हँड अँड मायक्रोसर्जरी हा एमएसनंतरचा फेलोशिप अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दोन विभागांतल्या शिक्षकांना पाठवला आणि लिहिलं, ‘हे काम आमच्याकडे आहे, करणारं कुणी नाही.’ पंधरा दिवसांत आमच्या आताच्या हँड सर्जनचा, म्हणजे मॅडमचा फोन आला. मूळच्या बेळगावच्या, घरात मराठी. एमएस ऑर्थोनंतर दोन वर्षांची एफएनबी केलेली. पगाराचं विचारण्याआधी त्यांनी विचारलं, ‘रात्री दोन वाजता ब्लॉक कोण देणार? आणि ऑपरेशननंतर बोटं हलवून घ्यायला कोण आहे?’ ब्लॉक म्हणजे फक्त हात बधिर करणारी भूल, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरातच होतं. दुसऱ्याचं नव्हतं, आणि ते मी तेव्हा हलक्यात घेतलं.

आधी मोबदल्याचं सांगतो, कारण फोन करणारे सगळे तेच विचारतात. आकडा सांगत नाही, पद्धत सांगतो. पगार नाही, कन्सल्टंट म्हणून करार, व्यावसायिक फी, त्यावर १० टक्के टीडीएस. दरमहा मिनिमम गॅरंटी आणि कामाचा हिस्सा गॅरंटीच्या वर गेला की वरची रक्कम त्यांची. बहुतेक ठिकाणी गॅरंटी सहा महिन्यांची असते. आम्ही दीड वर्षाची दिली आणि त्याचा पश्चात्ताप नाही. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटात नस जोडली तर बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला कित्येक महिने जातात. तो पेशंट गावात जाऊन हात दाखवणार, ते पाहून गावचा डॉक्टर पुढचा पेशंट पाठवणार. सहा महिन्यांत कुठल्या हँड सर्जनचं नाव होणार? आमच्याकडे गॅरंटीचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो आठव्या महिन्यात.

याच संदर्भात कटचं, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनचं. मॅडम रुजू झाल्याच्या महिन्यातच बाहेरच्या दोन डॉक्टरांनी मला आडून विचारलं, ‘हाताच्या केसला काय ठरवलंय?’ कमिशन घेणं-देणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट निषिद्ध आहे, आणि मॅडमच्या करारात आम्ही ते स्वतःहून लिहिलं होतं. पेशंट पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मॅडम स्वतः फोन करतात, ऑपरेशनमध्ये काय सापडलं ते सांगतात, सहा आठवड्यांनी हाताचा फोटो पाठवतात. विचारणाऱ्या दोघांपैकी एकजण आता नियमित पाठवतो. दुसरा पाठवत नाही, तर नाही.

कागदपत्रांना मी धरला होता त्याच्या दुप्पट वेळ गेला. त्यांची नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलची, म्हणून तिथली एनओसी आणि मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी. हे हातात येईपर्यंत त्यांनी आमच्याकडे एकही पेशंट तपासला नाही. दुसरं कुणी असतं तर मी कदाचित ‘चालतंय, बसा ओपीडीत’ म्हणालो असतो. त्यांनी ठाम नकार दिला आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांचा इंडेम्निटी विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा) वेगळा आणि हॉस्पिटलचा वेगळा, दोन्ही पाहून घ्या. पत्नीला ब्लॉकसाठी छोटं सोनोग्राफी मशीन हवं होतं. वापर गळ्याजवळच्या नसा पाहण्यापुरता असला, तरी पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या नोंदणीशिवाय मशीन दवाखान्यात आणता येत नाही. हा अर्ज सर्जन ठरला त्याच आठवड्यात करायला हवा होता. आम्ही तो उशिरा केला.

मायक्रोस्कोप या वेळी त्या येण्याआधी बसवला. नवा परवडला नाही, दुरुस्त केलेला घेतला. मॅडम स्वतः मुंबईला जाऊन त्यातून पाहून आल्या, मगच पैसे दिले. हाताचं टेबल, टुर्निके (हाताचा रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा), बारीक बायपोलर (रक्तस्राव थांबवणारी विजेची चिमटी) हे सोपं होतं. त्रास दिला टाक्यांनी. बोटाची रक्तवाहिनी मिलिमीटरभर रुंद, तिला लागणारा १०-० नायलॉनचा अतिबारीक धागा आमच्या डिस्ट्रिब्युटरकडे नसायचाच. मागवायचा तर पूर्ण खोकं. आता दोन खोकी कायम कपाटात असतात आणि मुदत संपायची तारीख बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. आमच्या थिएटरच्या सिस्टर पंधरा वर्षं प्लेट-स्क्रू हाताळणाऱ्या. केसापेक्षा बारीक धाग्याची सुई पहिल्यांदा हातात आली तेव्हा त्या घाबरल्या होत्या. मॅडमनी रविवारी बाजारातून कोंबडीच्या तंगड्या आणवल्या, त्यातली रक्तवाहिनी मायक्रोस्कोपखाली सोडवली आणि सिस्टरांना शेजारी बसवून जोडून दाखवली. असे सहा रविवार झाले. सिस्टर त्या रविवारांबद्दल अजूनही बोलतात.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. हँड थेरपिस्ट. मॅडमनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं आणि मी धरून चाललो की आमचा फिजिओ बघेल. आमचा फिजिओ गुडघा आणि कंबर उत्तम करतो, पण बोट वाकवणाऱ्या कंडरा जोडल्यानंतरची थेरपी हे वेगळं शास्त्र आहे. टाके घालून बोट बांधून ठेवलं तर ते चिकटून लाकूड होतं. जास्त हलवलं तर टाका तुटतो. काही दिवसांतच ठरलेल्या मापाने, स्प्लिंटच्या आत हलवायला सुरुवात करावी लागते. पहिल्या दोन महिन्यांत ऑपरेशनं सुंदर झाली आणि बोटं कडक राहिली. एका यंत्रमाग कामगाराची जोडलेली कंडरा चौथ्या आठवड्यात तुटली, कारण तो मागावर परत गेला होता. त्या संध्याकाळी मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘सर, थेरपिस्ट नसेल तर मी कंडरा जोडणं थांबवते. पेशंटला खोटी आशा देणं मला जमणार नाही.’

दुसऱ्या दिवशी फिजिओला दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं, पगार चालू ठेवून. तो परत आला तो गरम पाण्यात मऊ होणाऱ्या स्प्लिंटच्या शीट आणि डोकंभर कल्पना घेऊन. आता ओपीडीच्या बाजूला त्याची वेगळी खोली आहे. माझ्या मते सर्जनइतकाच पैसा आणि विचार या खोलीवर घालायला हवा, आणि तो सर्जन यायच्या आधी.

मागावर परत गेलेल्या त्या माणसाला मी रागावलो होतो. ते चुकलं. मीटरवर मजुरी मिळणारा माणूस बारा आठवडे कसा बसून राहील? आता दाखल होतानाच आमचे पीआरओ विचारतात, ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं कार्ड आहे का. असेल तर कामावरच्या अपघातात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतो, आणि हे अनेक कामगारांना ठाऊकच नसतं. कार्ड नसेल तर मॅडम मागमालकाला बोलावून घेतात आणि त्याच्यासमोर तो हात उघडून दाखवतात. काही मालक ऐकतात.

दोन केसेस सांगतो. पॉवर प्रेसखाली अंगठा तुटलेला एक मुलगा रात्री आला. सोबतच्याने अंगठा ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फात ठेवून आणली होती. मॅडमनी त्याच महिन्यात कारखान्यांत लावलेल्या पोस्टरवर हेच लिहिलं होतं. थेट बर्फात टाकला असता तर पेशी मेल्या असत्या. रात्री अकराला सुरू झालेलं ऑपरेशन पहाटे संपलं. टुर्निके सोडल्यावर अंगठा गुलाबी झाला तेव्हा मी मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या डोळ्यातून पाहत होतो. तुटलेला अंगठा जोडण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन जपानमध्ये १९६५ साली झालं, हे मी एमएसला असताना वाचलं होतं. आमच्या थिएटरमध्ये ते होईल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसरी केस मला जास्त महत्त्वाची वाटते. चरकात चिरडलेलं एकच बोट, पेशंट पन्नाशीतला शेतकरी. नातेवाईक पैसे घेऊन उभे, ‘कितीही लागू देत, जोडा.’ मॅडमनी नाही सांगितलं. चिरडलेल्या बोटातल्या रक्तवाहिन्या आतून फाटलेल्या असतात. जोडलं आणि जगलं तरी ते ताठ, दुखरं बोट बाकीच्या तिघांच्या आड येतं. चाळीस मिनिटं त्या नातेवाइकांशी बोलत बसल्या. तीन आठवड्यांनी तो माणूस विळा धरून दाखवायला आला. नेमताना लॉगबुकात किती ऑपरेशनं केली ते मी पाहिलं होतं. किती वेळा नाही म्हणालात, हे विचारलं नव्हतं. आता ते विचारेन.

घरातले प्रश्नही आले. मनगटाचं फ्रॅक्चर कुणाचं? माझ्या सहकाऱ्याची ती रोजची केस, त्याला वाटलं आपलं काम जातंय. दोन महिने धुसफूस चालली. मग आम्ही तिघांनी बसून लिहून काढलं: साधं मनगट ज्याचा कॉल त्याचं, सांध्यात गेलेलं आणि स्कॅफॉइड (मनगटातलं एक छोटं हाड) मॅडमचं, शंका असेल तर एक्स-रे दोघांनी पाहायचा. हे पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर मनं दुखावली नसती.

आणि एक गोष्ट मला सांगायलाच हवी. आमच्या थिएटरला डॉक्टरांसाठी एकच चेंजिंग रूम होती. पत्नी इतकी वर्षं सिस्टरांच्या खोलीत कपडे बदलत होती आणि मला ते कधी खटकलं नव्हतं. मॅडम आल्यावर ते दिसलं. रात्रीच्या कॉलला गाडी आणि ड्रायव्हर हेही त्यांच्या मागणीवरून झालं, आता सगळ्यांना मिळतं. त्यांचे पती घरून सॉफ्टवेअरचं काम करतात. घर शोधताना आम्ही आधी इंटरनेट पाहिलं, मग स्वयंपाकघर. मुलीच्या शाळेचा प्रवेश मी स्वतः जाऊन केला. घरचे रुळले नाहीत तर सर्जन राहत नाही.

हिशेबाने बोलायचं तर मायक्रोस्कोप आणि गॅरंटी मिळून हा विभाग अजून तोट्यात आहे, अंदाजे आणखी एक वर्ष राहील. मोठी उणीव एकच: मॅडम एकट्या आहेत. दिवाळीत त्या दहा दिवस सुट्टीवर गेल्या आणि फटाक्याने हात भाजून फुटलेल्या दोन मुलांना मला पुन्हा पुण्याची चिठ्ठी द्यावी लागली. अकरा महिने दर रात्री एकाच माणसाला कॉलवर ठेवणं बरोबर नाही, आणि त्या तक्रार करत नाहीत म्हणून ते बरोबर ठरत नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या हँड सर्जनची मुलाखत आहे. रजिस्टरचा कागद या वेळी मॅडमनी तयार केलाय, मुलाखतही त्याच घेणार. महिला डॉक्टरांच्या चेंजिंग रूमच्या फरशा बसल्यात, दार यायचं आहे.