पाण्याचे थेंब: फोटोशॉप, गिम्प की सरळ कॅमेरा?

अळवावरचं पाणी घटकाभरही टिकत नाही म्हणतात, पण डिझाइनमध्ये तेच पाणी काढायला बसलं की अख्खी दुपार जाते. सरबताची बाटली असो, भाजीच्या पिशवीवरचं पान असो की पावसाळी पोस्टर, गिऱ्हाईक म्हणतं, ‘जरा थेंब टाका ना, फ्रेश वाटेल.’ मग प्रश्न पडतो, हे करायचं कशात?

सॉफ्टवेअर निवडण्याआधी थेंबाकडे बघून घ्या. उजेड वरून डावीकडून येत असेल तर बारीक पांढरी चमक वर डावीकडे दिसते. थेंबाच्या आत मात्र उलटं असतं: चमकेच्या बाजूला थोडा काळोख आणि समोरच्या बाजूला, खाली उजवीकडे, उजेड साठलेला. सावलीही तिकडेच पडते आणि त्या सावलीत एक छोटा कवडसा असतो. माझ्या पहिल्या लेबलवर मी चमक आणि आतला उजेड एकाच बाजूला दिले होते. थेंब प्लास्टिकच्या टिकल्यांसारखे दिसले आणि छापून आल्यावरच ते लक्षात आलं.

फोटोशॉप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरचा मार्ग लेयर स्टाईलचा, म्हणजे लेयरवर (चित्राच्या एका थरावर) आपोआप लागणाऱ्या सावली-चमकेच्या इफेक्टचा. नव्या लेयरवर कडक कडेच्या ब्रशने वेडावाकडा आकार काढायचा आणि फिल, म्हणजे नुसत्या रंगाचा दाटपणा, शून्याजवळ आणायचं. ओपॅसिटीला, म्हणजे अख्ख्या लेयरच्या दाटपणाला, हात लावायचा नाही, नाहीतर इफेक्टही सोबत जातात. मग इनर शॅडो (आतली सावली), ड्रॉप शॅडो (बाहेर पडणारी सावली), थोडं बेव्हल (कडेचा उठाव). इनर शॅडो उजेडाच्या बाजूला आतून काळोख देते, म्हणजे खऱ्या थेंबात असतं तेच. गंमत पुढे आहे: त्याच लेयरवर ब्रश फिरवत राहा, प्रत्येक फटकाऱ्याचा थेंब होतो आणि दोन थेंब टेकले की खरोखर मिसळल्यासारखे दिसतात. ग्लोबल लाइट चालू ठेवला तर एका जागी कोन बदलला की सगळ्या थेंबांचा उजेड फिरतो. ‘बाटली जरा डावीकडे घ्या’ असं चौथ्यांदा ऐकणाऱ्यासाठी याच्यासारखी सोय दुसरीकडे नाही.

पण लेयर स्टाईल मागचं चित्र वाकवत नाही आणि मोठा थेंब खोटा वाटतो तो इथेच. त्यासाठी मागच्या चित्राचा तेवढा तुकडा वेगळ्या लेयरवर घेऊन त्याला स्फेराइझ हा गोळ्यासारखा फुगवणारा फिल्टर लावावा लागतो. फोटोशॉप भाड्यानेच घ्यावं लागतं, हा दुसरा अडसर. ते परवडत नसेल तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्ये लेयर स्टाईल जवळपास तशाच मिळतात, फोटोशॉपची पीएसडी फाइलही उघडते. जाहिराती सोसाव्या लागतात, एवढंच.

गिम्प हे असंच चित्रसंपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण मी ते सुचवतो ते फुकट आहे म्हणून नाही. त्यातला अप्लाय लेन्स हा फिल्टर अगदी या कामाचा आहे. त्यात अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो तो आकडा, टाकता येतो. आधीपासून 1.7 असतो, तो पाण्याचा 1.33 करा, पानाच्या शिरा थेंबाखाली हलक्याशा फुगतात आणि डोळा फसतो. मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीपासून फिल्टर लावल्यानंतरही त्याचे आकडे बदलता येतात, 2.10 मध्ये एकदा लावलं की लागलं. त्यामुळे जुनी आवृत्ती वापरून गिम्पला नावं ठेवली असतील तर पुन्हा बघा. अडचण अशी की हा लेन्स गोल किंवा लंबगोलच होतो. ओघळलेल्या, वाकड्या थेंबाला डिस्प्लेस हा चित्र जागेवरून सरकवणारा फिल्टर वापरावा लागतो, त्यासाठी करड्या छटांचा नकाशा रंगवायचा आणि तिथे मात्र चिकाटी लागते.

खिडकीच्या काचेवरच्या थेंबाची गोष्ट वेगळी. पानावरचा थेंब पानाला चिकटलेला असतो, म्हणून तो नुसता भिंगासारखा मोठं करून दाखवतो. काचेवरच्या थेंबात दूरचं दृश्य दिसतं आणि ते उलटं दिसतं: आकाश खाली, इमारती वर. इथे फिल्टरच्या नादी लागू नका. मागचं चित्र 180 अंशात फिरवा, लहान करा, थेंबाच्या आकारात मास्क करा, म्हणजे आकाराबाहेरचं झाका. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

आता थंड बाटली. तिच्यावर शेकडो बारीक थेंब, कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच एखादा ओघळ. हे हाताने काढू नका, फोटो काढा. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्प्रेच्या बाटलीतून खऱ्या बाटलीवर मारा. ग्लिसरीनमुळे थेंब लवकर सुकत नाहीत, हलतही नाहीत. बाटली हाताशी नसेल तर मध्यम करड्या गुळगुळीत पत्र्यावर फवारून तो फोटो हार्ड लाइट मोडमध्ये (मोड म्हणजे वरचा लेयर खालच्यात मिसळायची पद्धत) वर ठेवा. 50 टक्के करडा त्या मोडमध्ये नाहीसा होतो, चमक आणि सावली दोन्ही उरतात. काळ्या पार्श्वभूमीवर काढून स्क्रीन मोड वापरणारे बरेच आहेत, पण त्यात गडद कडा जातात आणि थेंब धुरकट दिसतो. इथे उजेडाची दिशा फोटो काढतानाच ठरवावी लागते, नंतर कोन बदलायची सोय नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर पानावर तीन-चार ठसठशीत थेंब हवे असतील तर गिम्प. अक्षरांवर थेंब, आणि मजकूर बदलत राहणार असेल तर फोटोशॉप किंवा फोटोपी. भरगच्च बाटली असेल तर कॅमेरा, फोनचा असला तरी चालेल. एआयला सांगून थेंब मिळतात, दिसतातही बरे, पण ‘हाच थेंब जरा वर’ म्हटलं की तो पुन्हा वेगळाच काहीतरी काढून देतो.

कशातही करा, एकच थेंब कॉपी करून आडवा उलटवू नका. चमक दुसऱ्या बाजूला जाते. वार्पने जरा ओढा-ताणा आणि लहान-मोठा करा.