फ्लाइंग स्पर की घोस्ट: आधी पार्किंगमधला प्लग बघा

सप्टेंबर २०२४ मध्ये बेंटलीने नवी फ्लाइंग स्पर आणली आणि पुढच्याच महिन्यात रोल्स-रॉईसने घोस्टची सुधारित आवृत्ती, सिरीज २, समोर ठेवली. दोन्ही आलिशान गाड्या चार दारांच्या, वजन अडीच टनांच्या आसपास, इंजिनांना दोन-दोन टर्बो, ताकद चारही चाकांना, मागची चाकंही थोडी वळणारी, सस्पेन्शन हवेवरचं. कागदावर एवढं साम्य दिसतं की निवड बोधचिन्हावरच होणार असं वाटावं. पण या गाड्या वापरायला अगदी वेगळ्या आहेत, आणि तो फरक सगळ्यात जास्त कळतो तो ताशी दहा किलोमीटरच्या वेगाला आणि रात्री गाडी उभी असताना.

‘आतून दोन्ही एकच’ असं म्हणणारे अजून भेटतात. एकेकाळी ते खरं होतं. १९३१ मध्ये रोल्स-रॉईसने बेंटली विकत घेतली, युद्धानंतर १९४६ पासून दोन्ही गाड्या इंग्लंडमधल्या क्रू इथल्या एकाच कारखान्यात बनू लागल्या आणि पुढे कित्येक मॉडेलांत समोरची जाळी आणि बोधचिन्ह सोडलं तर फारसा फरक उरला नाही. १९९८ च्या व्यवहारात क्रूचा कारखाना आणि बेंटली फोक्सवॅगनकडे गेली, रोल्स-रॉईस हे नाव बीएमडब्ल्यूकडे आलं, आणि २००३ पासून रोल्स-रॉईस इंग्लंडमध्येच गुडवुडला बनते. आजच्या फ्लाइंग स्परचा सांगाडा आणि हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून चालणारी) यंत्रणा पोर्शे पानामेराच्या नात्यातली आहे. घोस्ट रोल्स-रॉईसच्या स्वतःच्या ॲल्युमिनियम चौकटीवर उभी आहे आणि तिच्या व्ही १२ इंजिनाचं मूळ बीएमडब्ल्यूकडे जातं. एकमेकींचा एक नटबोल्टही त्यांना लागत नाही.

आता इंजिनं. फ्लाइंग स्परमधलं जुनं बारा सिलिंडरचं डब्ल्यू १२ इंजिन गेलं. स्पीड या आवृत्तीत त्या जागी ४ लिटरचं व्ही ८ (आठ सिलिंडरचं) आहे, ६०० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं युरोपीय माप), आणि गिअरबॉक्समध्येच बसवलेली १९० पीएसची विजेची मोटर. दोन्ही मिळून ७८२ पीएस आणि ओढण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, १,००० न्यूटन मीटर. शून्य ते १०० साडेतीन सेकंदांत, कमाल वेग ताशी २८५ किलोमीटर. ज्यांना एवढं नको त्यांच्यासाठी ६८० पीएस आणि ९३० न्यूटन मीटरची आवृत्ती पुढे आली. आमच्या मते ती पुरून उरते. घोस्टमध्ये ६.७५ लिटरचं व्ही १२ आहे: ५७१ पीएस, ८५० न्यूटन मीटर, आणि हा जोर इंजिनाच्या मिनिटाला १,६०० फेऱ्यांनाच हाताशी येतो. ब्लॅक बॅज ही जास्त ताकदीची आवृत्ती घेतली तर ६०० पीएस आणि ९०० न्यूटन मीटर. घोस्ट शंभरला ४.८ सेकंदांत पोचते आणि ताशी २५० वर तिला थांबवलेलं असतं. सेकंदांचा हा फरक मागे बसणाऱ्याच्या काही कामाचा नाही. चालवणाऱ्याच्या मात्र आहे.

फ्लाइंग स्परच्या बॅटरीची क्षमता २५.९ किलोवॅट-तास आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीत ती निव्वळ विजेवर ७६ किलोमीटर जाते, ताशी १४० पर्यंत, आणि ॲक्सिलरेटर साधारण पाऊण दाबेपर्यंत इंजिन जागं होत नाही. थंडीत, एसी-हीटर लावून किंवा हमरस्त्यावर हा आकडा खाली येतो. ५५-६० किलोमीटर धरून चाललात तर फसगत होणार नाही. चार्जिंग फक्त एसी प्रवाहावर, म्हणजे घरात येते त्या विजेवर. ११ किलोवॅटच्या वॉल चार्जरवर पावणेतीन तास लागतात, साध्या २.३ किलोवॅटच्या सॉकेटवर दहा-बारा तास, म्हणजे अख्खी रात्र. रस्त्याकडेच्या जलद डीसी चार्जरचा या गाडीला उपयोग नाही. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे तुमच्या हक्काचा प्लग आहे का?

नसेल, तर ही गाडी घेण्याचं निम्मं कारण संपलं. या यंत्रणेपायी नवी फ्लाइंग स्पर २,६४६ किलोची झाली, जुन्या डब्ल्यू १२ पेक्षा सुमारे २०० किलो जड. बॅटरी मागच्या आसामागे ठेवल्यामुळे वजनाची वाटणी छान जमली, पुढे ४८.३ आणि मागे ५१.७ टक्के, पण त्याची भरपाई डिकीतून झाली: जेमतेम ३४६ लिटर. त्यातही चार्जिंगची केबल बरोबर ठेवायची. घोस्टची डिकी ५०० लिटरची. चौघांनी विमानतळावर मोठ्या बॅगा घेऊन जायचं असेल तर हा हिशेब शोरूममध्येच, स्वतःच्या बॅगा नेऊन करून बघा. आकड्यांवरून बॅगेचा आकार कळत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा ३३ ग्रॅम प्रति किलोमीटर हा फ्लाइंग स्परचा छापील आकडाही असाच जपून वाचायचा. तो भरलेल्या बॅटरीची धाव जमेस धरून काढलेला असतो. रोज चार्ज करणाऱ्याला त्याच्या जवळपास जाता येतं. कधीच चार्ज न करणाऱ्याला पावणेतीन टनांपर्यंत जाणारी पेट्रोल व्ही ८ गाडी चालवायची आहे, आणि पंपावर ते दिसतं. घोस्टमध्ये असा घोळ नाही. ती १०० किलोमीटरला १५ लिटरहून जास्त पेट्रोल पिते, आणि हे कंपनी सरळ छापते.

उलटीही एक चूक होते. रोजचं येणं-जाणं चाळीस किलोमीटर आहे, प्लग आहे, म्हणून महिनोन्महिने गाडी विजेवरच चालते. इंजिन मग मधूनच दोन मिनिटांसाठी सुरू होतं आणि गरम व्हायच्या आत बंद पडतं. असं वारंवार झालं की थंड इंजिनातलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं, आणि टाकीतलं पेट्रोलही जुनं होत जातं. उपाय सोपा आहे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा इंजिन चालू ठेवून अर्धा तास हमरस्त्यावर न्या, टाकी विनाकारण काठोकाठ भरून ठेवू नका आणि तेल किलोमीटरवर न मोजता वर्षाला बदला. ब्रेकचंही तसंच. मोटर वेग कमी करताना वीज परत भरते, त्यामुळे डिस्क कमी घासल्या जातात. हे चांगलंच, पण लोखंडी डिस्क दमट हवेत गंजतात आणि गंज घासून काढण्याइतका ब्रेक लागतच नाही. मग पेडलमध्ये थरथर येते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर अधूनमधून चार-पाच वेळा नीट दाबून ब्रेक लावले की डिस्क स्वच्छ राहतात.

आता मुंगीच्या चालीची गोष्ट. फ्लाइंग स्परची गिअरबॉक्स आठ गिअरची, ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचची आहे. अशी गिअरबॉक्स वेगात फार सुंदर, पण रेंगाळत्या वाहतुकीत क्लच अर्धवट धरून सरकताना धक्के देण्याची तिची जात असते. बॅटरीत वीज असेल तर हे काम मोटर करते आणि गाडी लोण्यासारखी सरकते. बॅटरी तळाला गेली असताना कसं वाटतं, ते मात्र तुम्ही स्वतः अनुभवलं पाहिजे. विक्रेता टेस्ट ड्राइव्हला नेहमी भरलेली बॅटरी देतो. तुम्ही उतरलेल्या बॅटरीवर मागा, आणि दहा मिनिटं फक्त ताशी पाच ते पंधराच्या दरम्यान चालवा. घोस्टमध्ये झेडएफ कंपनीची टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारी) आठ गिअरची गिअरबॉक्स आहे, आणि ती उपग्रहाकडून पुढच्या वळणाची माहिती घेऊन आधीच योग्य गिअर धरून ठेवते. तिला चांगला दिवस, वाईट दिवस नसतो. आमच्या लेखी घोस्टचं हे मोठं बलस्थान आहे, आणि जाहिरातीत ते क्वचितच पुढे येतं.

सस्पेन्शनमध्ये दोन्ही घराण्यांनी वेगळा विचार केला आहे. बेंटलीने हवेच्या स्प्रिंगला दोन कप्पे दिले, शॉक ॲब्सॉर्बरला दाबासाठी आणि उसळीसाठी वेगवेगळ्या झडपा दिल्या, आणि ४८ व्होल्टच्या मोटरी अँटी-रोल बारला पीळ देऊन वळणावर गाडी कलू देत नाहीत. ५.३ मीटर लांबीची गाडी घाटातल्या वळणावर एवढी सपाट राहते हे चालवणाऱ्याला सुखावतं. रोल्स-रॉईसने पुढच्या वरच्या विशबोनवरच (चाकाला धरणाऱ्या दांड्यावर) आणखी एक डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा भाग, बसवला. काचेमागचे कॅमेरे ताशी १०० पर्यंत पुढचा रस्ता वाचतात आणि खड्डा यायच्या आत सस्पेन्शन तयार होतं. परिणाम असा की घोस्ट छोट्या आघातांना विरघळवून टाकते, पण वळणावर ती तुम्हाला घाई करू नका असं सांगते. ते ऐकणाऱ्यालाच ती आवडते.

टायरकडे लक्ष द्या. फ्लाइंग स्परच्या २२ इंची चाकांवर पुढे २७५/३५ आणि मागे ३१५/३० मापाचे टायर बसतात (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के). मागच्या टायरची उभी भिंत जेमतेम साडेनऊ सेंटीमीटरची भरते. खोल खड्ड्यात टायर दबून रिमवर आपटतो आणि भिंतीला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. मापं वेगळी असल्यामुळे पुढचे-मागचे टायर फिरवून झीज सारखी करता येत नाही, आणि चारही चाकांना ताकद जात असल्यामुळे एकाच आसावर एक नवा, एक झिजलेला असं चालत नाही. जोडीनेच घ्या. घोस्टला आता २२ इंची चाकंही मिळतात. दिसतात देखणी. रस्ते खराब असतील तर २१ च ठेवा, टायरच्या भिंतीतला प्रत्येक मिलिमीटर कामाला येतो.

मागे बसणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तराजू घोस्टकडे झुकतो, आणि ते मान्य करायला हवं. ती ५,५४६ मिलिमीटर लांब आहे, फ्लाइंग स्पर ५,३१६. एक्स्टेंडेड घेतली तर आणखी १७० मिलिमीटर मिळतात आणि ते सगळे मागच्या पायांना. फ्लाइंग स्परमध्ये लांब आवृत्ती नाही. घोस्ट फ्लाइंग स्परपेक्षा जवळपास नऊ सेंटीमीटरने उंचही आहे. वय झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत शिरताना-उतरताना हे नऊ सेंटीमीटर कुठल्याही लाकडी पट्टीपेक्षा आणि चामड्यापेक्षा महत्त्वाचे. तिची मागची दारं मागच्या बाजूला बिजागरं असलेली, त्यामुळे माणूस वळून न बसता सरळ आत जातो, आणि बटण दाबलं की दार आपोआप लागतं.

शांततेसाठी घोस्टमध्ये १०० किलोपेक्षा जास्त ध्वनिरोधक साहित्य भरलेलं आहे. पण मोल केवळ किलोंचं नाही. वेगात डिकीच्या पोकळीतून घुमणारा खर्जातला आवाज येतो हे अभियंत्यांच्या लक्षात आलं, म्हणून आतला भाग आणि डिकी यांच्यामध्ये मोठी छिद्रं ठेवून त्यांनी तो मारला. एअर कंडिशनरच्या नळ्या आतून गुळगुळीत केल्या. आसनांच्या चौकटी इतर भागांशी एकाच सुरात लावल्या. एवढं बारीक काम ऐकू येत नाही, आणि तेच त्याचं यश. फ्लाइंग स्पर विजेवर असताना याच्या अगदी जवळ जाते. इंजिन चालू झालं की व्ही ८ चा आवाज येतो. तो गोड आहे, पण आहे.

आतल्या कारागिरीत कोणी कमी नाही. बेंटलीचा फिरणारा पडदा एका बाजूला स्क्रीन, दुसरीकडे काटे असलेल्या तीन तबकड्या आणि तिसरीकडे कोरं लाकूड दाखवतो. घोस्टमध्ये बांबूपासून केलेलं कापड मिळतं, ज्याच्या पूर्ण नक्षीला २२ लाखांपर्यंत टाके पडतात. कापडी आसन असलं तर डागांचा विचार आधी करा. गडद छटा घ्या.

देखभालीत दोन सवयी दोन्हींना लागू. गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी उतरू न देणारा छोटा चार्जर) लावून ठेवा. साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरली की संगणक एकामागून एक खोटे दोष दाखवू लागतात आणि लोक उगीच महागडे भाग बदलतात. आणि महिन्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. एक कोपरा रात्रीत खाली बसत असेल तर सस्पेन्शनमधल्या हवेच्या फुग्याला तडा असू शकतो. तसंच चालवत राहिलात तर कॉम्प्रेसर सतत हवा भरत राहून जळतो, आणि एका फुग्याचं काम दोन भागांवर जातं. फ्लाइंग स्परमध्ये आणखी एक: तिचे टर्बो व्ही ८ च्या मधल्या खोबणीत बसतात, तिथे उष्णता कोंडते. जोरात चालवल्यावर शेवटची पाच मिनिटं सावकाश चालवून मग गाडी बंद करा. आजूबाजूच्या रबरी नळ्या जास्त वर्षं टिकतील.

स्वतः चालवणार, रात्री प्लग आहे, बहुतेक फेऱ्या पन्नास किलोमीटरच्या आतल्या, शनिवार-रविवारी मोकळा रस्ता, तर फ्लाइंग स्पर घ्या, आणि ६८० पीएसची घ्या. मागे बसणार, किंवा घरात वयस्कर माणसं आहेत, सामान जास्त, प्लगची शाश्वती नाही, तर घोस्ट. प्लग आहे पण मागेच बसणार असाल तर आमचं मत घोस्टकडे जातं. दुसऱ्या मालकाकडून हायब्रिड घेत असाल तर बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल अधिकृत कार्यशाळेकडून लेखी घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

पैसे भरण्यापूर्वी निवडलेली गाडी एकदा स्वतःच्या पार्किंगच्या जागेत उलटी लावून बघा. आरसे सोडूनही दोन्ही जवळजवळ दोन मीटर रुंद आहेत. बेंटली असेल तर केबल मागच्या चार्जिंगच्या तोंडापर्यंत ताण न देता पोचते का ते पाहा. घोस्ट असेल तर मागचं दार पूर्ण उघडा आणि शेजारच्या खांबापासून किती जागा उरते ते टेपने मोजा.