शहराच्या शताब्दीचं चांदीचं पदक: ठशाचं की ओतीव?

रेल्वे आली, कापसातली सरकी काढणाऱ्या जिना आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसा उभ्या राहिल्या आणि त्यांच्याभोवती गाव वाढलं, अशी शहरं वऱ्हाडात बरीच. शताब्दी जवळ आली की समिती आधी चित्रावर भांडते. आधी ठरवायचं ते पदक ठशाचं की ओतीव. चित्र त्यावरून ठरतं.

ठशाच्या पदकाला पोलादी ठशांची जोडी लागते. चांदीची चकती तापवून मऊ करतात, प्रेसखाली दाबतात. उठाव पुरता आला नाही तर पुन्हा तापवून पुन्हा दाब. जिनाच्या धुराड्याच्या विटांचे सांधे, कमानीवरचं बांधकामाचं साल, सगळं स्वच्छ उठतं. मात्र धुराडं पूर्ण उंचीचं घेतलं तर पदकावर काडी दिसते. कमान आणि धुराड्याचा खालचा भाग घ्या. उठावाच्या उभ्या कडांना किंचित उतार हवा, नाहीतर पदक ठशात अडकतं. खरा खर्च ठशाचा; पन्नासच्या वर नग असले तरच तो अंगावर येत नाही.

दहा-पंधरा नगांना ओतीव बरं. नमुन्यावरून रबरी साचा, त्यात मेण, मेणाभोवती प्लास्टर, मेण जाळून त्या पोकळीत चांदी. उठाव हवा तेवढा खोल घ्या. पण वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते आणि गोठताना बाहेर टाकते, म्हणून पृष्ठभागावर बारीक छिद्रं पडतात. शिवाय ती आकसते, पॉलिशही होते, आणि लहान अक्षरं बुजतात. ओतीव पदकावर फक्त नाव आणि साल ठेवा.

वजनात फसगत होते. 30 ग्रॅम चांदीत 40 मिमी व्यासाचं पदक सरासरी 2.3 मिमी जाड येतं. तेवढ्यातच 50 मिमी केलं तर जेमतेम दीड. पदक मोठं दिसतं, पण हातात पत्र्यासारखं लागतं आणि उठावाला जागा उरत नाही. आम्ही 40 मिमीच सुचवू.

ठशासाठी चोख 999 (हजारात 999 भाग) चांदी चांगली, मऊ असल्याने उठाव भरून येतो. ओरखडे मात्र लवकर पडतात. हाताळलं जाणार असेल तर 925, म्हणजे हजारात 925 भाग चांदी. दरपत्रकात टंच (शुद्धता), वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. ‘जर्मन सिल्व्हर’ लिहिलं असेल तर त्यात चांदी नसतेच; ते तांबं, निकेल आणि जस्त. खामगावला रजतनगरी म्हणतात ते उगाच नाही. नागपूरच्या इतवारी सराफ्याआधी तिथेही भाव काढा. ऑर्डर लग्नसराईच्या तोंडावर देऊ नका.

वाटताना पदक रबरबँड किंवा लोकरीच्या कापडात गुंडाळू नका. त्यातल्या गंधकाने ते काळं पडतं.